साठ प्रश्न आणि पाण्याची पाळी

प्रश्न लिहावेत तर मीच लिहावेत, असं माझं गेल्या रमजानपर्यंत ठाम मत होतं. संगणकाच्या परीक्षेचे साठ प्रश्न मी असे घडवले होते, की ज्याला येतं त्याने वाचताक्षणी हसावं आणि ज्याला येत नाही त्याने कपाळाचा घाम पुसावा. प्रत्येकाला चार पर्याय. त्यातला एक बरोबर आणि उरलेले तीन इतके सज्जन दिसणारे, की कुणीही त्यांना आपली मुलगी द्यावी.

मी मूळची अर्ज टाइप करणारी. कफ्र अबू सुवैदच्या कोर्टासमोर छत्रीखाली टेबल टाकून अकरा वर्षं मी लोकांच्या घटस्फोटांचे आणि बांधाच्या भांडणांचे अर्ज टाइप केले. संगणक शिकायला कुठल्या वर्गाला गेले नाही. एक जुनं यंत्र घेतलं होतं, ते रोज बिघडायचं. आणि जे रोज बिघडतं ते माणसाला सगळं शिकवतं. पुढे कैरोच्या मिझान परीक्षा मंडळाने मला हंगामी करारावर प्रश्न लिहायला घेतलं. सरकारी कारकुनांना संगणक येतो की नाही, याचं प्रमाणपत्र हे मंडळ देतं. त्या प्रमाणपत्राचे प्रश्न लिहिणारी मी, आणि अख्ख्या मंडळात एकही प्रमाणपत्र नसलेलीही मी एकटीच.

तर मंडळात एक कायमची जागा निघाली. आकडेवारीचे प्रमुख डॉक्टर हिल्मी मला म्हणाले, पदवी नसेना का, तुमची प्रश्नपत्रिका पारखून खरी उतरली की जागा तुमची. पारखायला तीन संधी. तिसऱ्यांदाही फसली तर जागा दुसऱ्याला, आणि माझा करारही तिथेच संपणार. एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा छत्रीखाली जायलाही माझी तयारी होती, पण त्या जागेवर आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो.

पारख म्हणजे काय, ते सांगते. परीक्षा घ्यायच्या आधी परीक्षेचीच परीक्षा घ्यावी लागते. चाळीस माणसं बसवायची, त्यांच्याकडून साठ प्रश्न सोडवून घ्यायचे आणि मग बघायचं. जो प्रश्न सगळ्यांना येतो तो निकामी, कारण त्याने कुणाचीच निवड होत नाही. जो कुणालाच येत नाही तोही निकामी. ज्यांना काम येतं त्यांचं बरोबर यावं आणि ज्यांना येत नाही त्यांचं चुकावं, तरच प्रश्न खरा. इतकं साधं आहे. डॉक्टर हिल्मी हे साधं गणित सांगायला दीड तास घेतात आणि खडूने तीन फळे भरतात.

चाळीस माणसं मला आमच्याच गावात मिळाली, कालव्यांच्या कचेरीत. कुठल्या गावाला कुठल्या दिवशी किती पाणी सोडायचं, हे तिथे ठरतं. कचेरीची सगळी सूत्रं हज करून आलेल्या हाज्जा अतियात यांच्या हातात. कागदोपत्री त्या मुख्य कारकून. पण इंजिनियरसाहेबसुद्धा सुट्टीवर जाताना त्यांना विचारून जातात. मी सगळ्यांना मोठ्या खोलीत गोळा केलं आणि अभिमानाने भाषण केलं. घाबरू नका, म्हटलं. ही तुमची परीक्षा नाहीच. तुम्ही पास-नापास होणार नाही. परीक्षा आहे ती माझ्या पेपरची.

हाज्जांनी मधेच विचारलं, "म्हणजे नापास झालीस तर तू होणार?"

मी म्हटलं, तसंच म्हणायचं.

"आणि नापास झालीस तर?"

मी खोटं बोलायला शिकलेली नाही, तेही कुठल्या वर्गात शिकवत नाहीत म्हणून राहून गेलं असेल. जागेचं सांगितलं. कराराचं सांगितलं. मोबाइल दुरुस्तीवाल्याचंही सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अल्ला मोठा आहे, अब्ला." अब्ला म्हणजे थोरली बहीण, आमच्या गावात मला सगळे तसंच म्हणतात. मला वाटलं, माझं भाषण लोकांना भिडलं. ते भिडलं होतंच, नको तिथे.

मुलींच्या शाळेतल्या संगणकांवर परीक्षा झाली. एकेका खेपेला वीस जण. इतकी शिस्त मी मशिदीतही पाहिली नव्हती. परीक्षा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील नसतील, हाज्जांनी शेजारच्या खोलीत मला चहाला बोलावलं. पेपर चालू असताना चहा बरा नाही, असं मी म्हणून पाहिलं. तर हाज्जांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुलीचा साखरपुडा मोडला. गेले. चहानंतर बिस्किटं आली, बिस्किटांनंतर नातवाचे फोटो आले. दुसऱ्या खेपेला हाज्जा स्वतः पेपरला बसल्या, तरी चहा आला, बिस्किटं आली, आणि तेच फोटो दाखवायला कचेरीचा शिपाई आला.

निकाल आला. चाळीस जणांना साठपैकी साठ.

यात ते उस्ताज सबरीही होते, कचेरीतल्या थोर पुरुषांना आम्ही मानाने उस्ताज म्हणतो; यांनीच सकाळी माझ्यादेखत माउस शेपटीकडून धरला होता.

डॉक्टर हिल्मींचा फोन आला. त्यांचा आवाज कधीच चढत नाही, ही त्यांची सगळ्यात भीतीदायक सवय. "मदाम इन्साफ," ते म्हणाले, "एक तर तुमचे प्रश्न बकरीलाही येण्यासारखे आहेत, नाहीतर त्या कचेरीला अवकाशयान उडवायला दिलं पाहिजे. दोन्हींपैकी काय, ते बघून सांगा."

मी कचेरीत गेले तर चाळीस चेहरे माझी वाट बघत होते, लग्नघरात वरपक्षाची वाट बघतात तसे. मला बघून सगळे उभे राहिले. हाज्जांनी माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली. मग हळूहळू कळलं. कचेरीत शाहिंदा नावाची एक पोरगी नुकतीच लागली होती. विद्यापीठातून संगणकच शिकून आलेली, आणि तिची नेमणूक अजून पक्की व्हायची होती. मी चहा पीत असताना तिने पहिल्या खेपेला फळ्यावर साठ उत्तरं लिहिली. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोही त्रास तिला दिला नाही. फळा पुसलेलाच नव्हता.

आता यांना रागवायचं कसं? आपल्या माणसाची परीक्षा असताना हात बांधून बसणं ही आमच्याकडे फार हलकी गोष्ट समजतात. मी खाली बसले आणि समजावून सांगितलं, की सगळ्यांचं बरोबर आलं तर माझा पेपर नापास होतो. चुका व्हायला हव्यात. चुकांशिवाय माझं भागणार नाही.

हाज्जांना ते लागलं. इतक्या जिवापाड केलेलं माणसाला असं परत करतात का, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मग वळून विचारलं, "किती चुका हव्यात तुला?"

मी म्हटलं, "ज्या आपोआप होतील तेवढ्या. जास्त नकोत."

इथे माझं चुकलं. ही आपली माणसं, आणि आपल्याकडे पाहुणा ‘जास्त नको’ म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, हे मला एक्कावन्न वर्षांत कळलं नसेल तर दोष कुणाचा? ‘जास्त नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात आपण अर्धं बदक वाढतो.

दुसऱ्या वेळी मी चहा घेतला नाही. दारातच खुर्ची टाकून बसले, फळा स्वतः पुसला. कुणी कुणाशी बोललं नाही. निकाल आला. चाळीस जणांना शून्य.

वाचकहो, शून्य मिळवणं सोपं वाटतं तुम्हाला? चार पर्यायांच्या साठ प्रश्नांत डोळे मिटून बोट ठेवत गेलं तरी पंधरा बरोबर येतात. शून्य मिळवायला साठच्या साठ उत्तरं यावी लागतात. माझ्यासाठी या लोकांनी चार दिवस शाहिंदाकडून शिकवणी घेतली होती. उस्ताज सबरी, ज्यांना माउस धरता येत नव्हता, ते आता प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर ओळखून त्याला टाळू शकत होते.

"गाढवाला पंधरा मिळाले असते," डॉक्टर हिल्मी फोनवर म्हणाले. मग म्हणाले, "एकच संधी उरलीय, मदाम. मला वाईट वाटतंय." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यामुळे मला जास्तच वाटलं.

त्या दिवशी मी कचेरीत गेले ती रागवायला नाही, निरोप घ्यायला. हाज्जांसमोर बसले आणि रडू आलं. रडत रडतच मी पहिल्यांदा नीट बोलले असेन. सोपा प्रश्न पुष्कळांना यावा, म्हटलं, अवघड थोड्यांना. वरच्याला खूप गुण, खालच्याला थोडे, आणि मधे गर्दी. टेकडीसारखा आकार यायला हवा. अशीच असते दुनिया, आणि तशी ती कागदावर दिसली तरच पेपर खरा मानतात.

कोपऱ्यातल्या टेबलावरून उस्ताज बुश्रांनी मान वर केली. हे नकाशे विभागाचे. एकतीस वर्षं एका कालव्याचं पाणी चाळीस गावांना पाळीपाळीने वाटत आलेत. बोलतात कमी, आणि बोलले की गावं भांडायची थांबतात, असा त्यांचा लौकिक. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे ही पाणीपाळी आहे. आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, नाही हो उस्ताज, हे ठरवून वाटायचं नाही, आपोआप व्हायला हवं. त्यावर ते अतिशय हळुवारपणे म्हणाले, "अब्ला, एकतीस वर्षांत आपोआप झालेलं मी एकच पाहिलंय. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचं शेत बुडतं आणि शेपटाला असलेल्याचं सुकतं. बाकी सगळं वाटावं लागतं."

त्यांनी खण उघडला. चौकटीचा मोठा कागद, लाल आणि निळी पेन्सिल, पट्टी. शाहिंदा त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि माझे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावून द्यायला लागली. ते काय करणार आहेत, ते मला कळलं होतं. मी उठले, ओढणी सारखी केली आणि घरी गेले. एक शब्द बोलले नाही. ते मी इथे लिहून ठेवते, कारण बाकी सगळ्यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलं. गप्प मात्र मी स्वतःसाठी राहिले.

तिसरा निकाल गेला. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा डॉक्टर हिल्मींचा आवाज मला ओळखूच येईना.

"मदाम इन्साफ. तीस वर्षं मी ही टेकडी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवतोय. खऱ्या माणसांची आजपर्यंत अशी आली नव्हती. साठच्या साठ प्रश्न खरे उतरलेत. एकही वाकडा नाही." मग म्हणाले, "मी बायकोलाही दाखवली."

जागा माझी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

गावात मिठाई वाटली गेली, मी नाही, हाज्जांनी वाटली. मी त्या चौकटीच्या कागदाबद्दल कुणाला विचारलं नाही. सुखात असलेल्या माणसाने खण उघडू नयेत.

पण निकालाची एक प्रत मंडळाने कचेरीच्या इंजिनियरसाहेबांनाही पाठवली होती. पाठवायला नको होती. पाठवली, कौतुक म्हणून. साहेबांनी ती नावानिशी वाचली. आणि मग मीही वाचली.

पहिल्या हाज्जा अतियात, अठ्ठावन्न गुण. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, आणि पत्र संगणकावर लिहायचं तर आधी हाताने लिहून शाहिंदाला देणाऱ्या. दुसरे, छत्तीस वर्षं नोकरी झालेले दफ्तरदार. तिसरे उस्ताज सबरी. यादी नोकरीच्या वर्षांप्रमाणे खाली खाली उतरत गेली होती, एक पायरी न चुकता. आणि सगळ्यात शेवटी, चाळिसावी, शाहिंदा. अकरा गुण. गाढवापेक्षा चार कमी.

उस्ताज बुश्रांनी पाणी जसं वाटतात तसं वाटलं होतं. आधी तोंडाशी बसलेल्या थोरांना, उरलं तर शेपटाला.

साहेबांनी शाहिंदाला बोलावून सांगितलं, की जिला संगणक येत नाही तिची संगणकाच्या कामावरची नेमणूक पक्की करता येत नाही. महिनाअखेरीला तिचं काम बंद. तोवर हाज्जा अतियात तिला माउस कसा धरायचा ते शिकवतील.

मी धावत कचेरीत गेले. हाज्जा आणि शाहिंदा खरोखरच एका यंत्रासमोर बसल्या होत्या. हाज्जा शिकवत नव्हत्या. शाहिंदाचा हात हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. मी शाहिंदाला विचारलं, तू शेवटचा नंबर घेतलास तरी कसा?

ती म्हणाली, "कुणाला तरी घ्यायलाच हवा होता, अब्ला. तुम्हीच म्हणालात, खालचा लागतो. मग म्हटलं, मला जमेल. साठांतले नेमके अकराच बरोबर आणायचे, तेही ठरलेले, हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." आणि हसली.

उस्ताज बुश्रा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. "शेपटाला पाणी पोचवायला मी एकतीस वर्षं धडपडलो," ते म्हणाले, "आणि हातात पेन्सिल आली तेव्हा मीही तेच केलं." त्यांनी मला त्यांचा कागद दिला. मी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळची मायक्रोबस धरून मी कैरोला गेले. वाटेत मी स्वतःला चार-पाच चांगली कारणं सांगून पाहिली. साहेबांशी परस्पर बोलता येईल. शाहिंदाला दुसरीकडे चिकटवता येईल. पेपर मुळात चांगलाच होता, मग टेकडी कुणी का काढेना. तांता शहर येईपर्यंत ही कारणं टिकली, पुढे नाही.

डॉक्टर हिल्मींच्या खोलीत भिंतीवर, जिथे पूर्वी मक्केचं कॅलेंडर होतं, तिथे माझी टेकडी लावलेली होती. चौकटीत. मी खाली न बसताच सगळं सांगितलं. चहा, फळा, शून्य, पाळी, शेपूट. शेवटी कागद त्यांच्यापुढे ठेवला. लाल पेन्सिलीने वरचे, निळीने खालचे, आणि प्रत्येक नावापुढे पाण्यासारखा कुठला प्रश्न सोडायचा आणि कुठला अडवायचा, ते बारीक अक्षरात.

ते किती वेळ वाचत होते कोण जाणे. मला वाटलं, मोबाइल दुरुस्तीवाल्याला अर्धी छत्री मागून बघावी.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "देवाच्या राज्यात एवढं गुळगुळीत काही येत नाही. पण मदाम, माणसाने आयुष्यभर ओबडधोबड आकडे बघितले की त्यालाही एकदा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि भिंतीकडे बघितलं नाही. फोन उचलून इंजिनियरसाहेबांना सांगितलं, की तो निकाल रद्द झाला आहे, चूक मंडळाची आहे, आणि ज्या मुलीला अकरा गुण दिसतात तिला काढाल तर कचेरीतली एकमेव संगणक येणारी व्यक्ती काढाल.

मग कागदावर बोट ठेवलं. "हा कुणी काढला?"

मी म्हटलं, आमच्याकडे पाणी वाटतात ते.

"संख्याशास्त्र कुठे शिकले?"

"कुठेच नाही, डॉक्टर. त्यांना पाणी वाटता येतं."

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, खिशातून दुसरा चष्मा काढून पुन्हा बघितला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. अकरा वर्षं कोर्टासमोर बसून मी तो पाहिलेला आहे. सोयरीक ठरवायला आलेल्या माणसाचा असा होतो.

शाहिंदाची नेमणूक पक्की झाली. चौथ्यांदा पेपर झाला, तो डॉक्टर हिल्मींनी स्वतः येऊन घेतला. टेकडी आली ती पडक्या भिंतीसारखी, पण खरी. शाहिंदाला सत्तावन्न, हाज्जांना एकोणतीस. शिकवणी घेऊनही एकोणतीसच कसे, असं कुणी विचारलं तर हाज्जा म्हणतात, मी कधी एकटीने परीक्षा दिलेली नाही आणि पुन्हा देणारही नाही.

माझ्यावर कारवाई झाली नाही. करार आणखी एका वर्षाने वाढला. ती कायमची जागा मात्र उस्ताज बुश्रांना मिळाली. पदवी नसेना का, असं डॉक्टर हिल्मी त्यांनाही म्हणाले म्हणे. उस्ताज मला विचारायला घरी आले होते, घेऊ का म्हणून, डोळे खाली घालून. मी घ्या म्हटलं. दोनदा म्हटलं.

कैरोला गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते माझे साठ प्रश्न पारखायचं. तेवीस प्रश्न त्यांनी लाल पेन्सिलीने काढून टाकले, आणि प्रत्येकापुढे अतिशय अदबीने, बारीक अक्षरात कारण लिहिलं. मी ती सगळी कारणं बसून वाचली. दोन प्रश्नांबद्दल माझं अजून त्यांच्याशी भांडण चालू आहे. उरलेल्या एकविसांत त्यांचं बरोबर होतं.